चार्ज म्हणजे नेमकं काय? आधी ओझं कुठंय ते बघा

भाचा लातूरला रूम करून भरतीची तयारी करालाय. परवा त्याला बँकेचा मेसेज आला, युवर अकाउंट विल बी चार्ज्ड रुपीज २३६. लगेच मला फोन, म्हणला मामा, खात्यात २३६ रुपये पडालेत. म्हणलं पडत नाहीत रे, कटालेत, २०० त्यांचे अन् वर १८ टक्क्यानं ३६ जीएसटीचे. तर म्हणतो कसा, मोबाईल चार्ज केला की भरतो, मग खातं चार्ज केलं की रिकामं कामून होतंय? सवाल काही चुकीचा नव्हता.

याचं सोपं उत्तर असं की चार्जचा मूळ अर्थ लादणं. इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमधून आला, अन् त्याच्या मुळाशी लॅटिनमधली माल वाहायची गाडी आहे, कार अन् कार्गो हे पण त्याच खानदानातले. म्हणजे वाक्यात चार्ज दिसला की आधी विचारायचं, कोण कुणावर काय लादालंय? बॅटरीवर वीज लादली तर ती भरली, खात्यावर पैशाचा भार टाकला तर पैसे गेले.

अन् गंमत बघा, मराठीनं हे ओझं सोडलेलंच नाही. साहेबानं चार्ज घेतला की पेपरात येतं पदभार स्वीकारला. दुसऱ्या टेबलाचं काम पण त्याच्याच गळ्यात पडलं की अतिरिक्त कार्यभार. इनचार्ज म्हणजे प्रभारी, सरचार्ज म्हणजे अधिभार, अन् शाळेच्या विज्ञानात इलेक्ट्रॉनवर असतो तो ऋणप्रभार. सगळीकडं भारच भार. सगळ्यात भारी तर सातबारा, पीककर्ज काढलं की बँकेचा जमिनीवर चार्ज बसतो अन् तलाठी इतर अधिकारात लिहितो बोजा. इंग्रजीचा मास्तर सांगणार नाही इतका नेमका अर्थ आपल्या उताऱ्यावर छापून येतो, आपण फक्त पीकविम्याच्या टायमाला तो उतारा काढतो अन् पुन्हा घडी घालून ठेवतो. (लाईट बिलावर मात्र याला भार नाही म्हणत, तिथं स्थिर आकार, वहन आकार असं असतंय, अर्थ पैशाचाच.)

आता वाक्यात कसं ओळखायचं. चार्जच्या मागंपुढं कोणता बारका शब्द आहे ते बघायचं, डिक्शनरी नंतर. विथ आला तर बहुतेक आरोप. ही वॉज चार्ज्ड विथ थेफ्ट, त्याच्यावर चोरीचा आरोप ठेवला. तिथंच ही वॉज चार्ज्ड टू हंड्रेड रुपीज असलं तर त्याच्याकडनं २०० रुपये घेतले, म्हणजे पुढं थेट रक्कम आली की पैसा. फॉर आला तरी बहुतेक पैसाच. भरतीवाल्यांनी एक जास्तीचं ध्यानात ठेवा, चार्जशीट पोलीस दाखल करतात, ते दोषारोपपत्र, अन् चार्ज फ्रेम करतं ते कोर्ट, ती आरोप निश्चिती. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पेपर वाचताना लई जण एकच समजतात.

अॅट आला तर पळा. द बुल चार्ज्ड अॅट हिम, याचं भाच्यानं भाषांतर केलं की बैलानं त्याला बिल लावलं. अरे पोळ्याला बिथरलेला बैल कधी बघितला नाहीस का, शिंगं खाली घालून अंगावर येतो तो चार्ज, लाठीचार्जमधला पण हाच. हा अर्थ ओझ्यात नीट बसत नाही, मी तरी त्याला तसाच पाठ करायला लावला.

खरा घोळ द नं होतो. मावशी इज इन चार्ज ऑफ द चाइल्ड, म्हणजे लेकराची जबाबदारी मावशीवर. द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ मावशी, म्हणजे लेकरू मावशीच्या हवाली, अर्थ तोच पण माणसं उलटी झाली. यातला चार्जच्या आधीचा द खाल्ला तर लेकरूच मावशीला सांभाळालंय असं होतंय. तशी लेकरं आमच्याकडं आहेत, ते वेगळं.

डिस्चार्ज म्हणजे भार उतरणं, एवढं धरून चाला. दवाखान्यातनं डिस्चार्ज, बॅटरी डिस्चार्ज. कोर्टात आरोपीला डिस्चार्ज मिळाला तर ती दोषमुक्ती, खटला चालायच्या आधीच सुटला. पुराव्यानिशी खटला चालून सुटला तर त्याला निर्दोष मुक्तता म्हणतात, तिथं इंग्रजीत डिस्चार्ज लिहू नका.

शेवटी त्याला एक वाक्य टाकलं, द नर्स इन चार्ज चार्ज्ड अस नथिंग. पाच मिनिटांनी रिप्लाय आला, वॉर्ड सांभाळणाऱ्या सिस्टरनं आपल्याकडनं काहीच घेतलं नाही. खाली अजून एक ओळ होती, मामा २३६ गेले, जरा २५० टाका.