पोलिसांवर भरपाईचा दावा: बेकायदा अटक आणि कोठडीतल्या मारहाणीनंतर काय करायचं

जामिनावर सुटून दोन-तीन महिने झाले की माणूस विचारत येतो, "पोलिसांवर केस टाकता येते का?" येते. पण तोवर अंगावरचे वळ गेलेले असतात आणि कागदावर ते कधी उमटलेलेच नसतात.

खरी केस उभी राहते ती पहिल्या हजेरीला. अटकेपासून २४ तासांत (प्रवासाचा वेळ सोडून) दंडाधिकाऱ्यांसमोर न्यावं लागतं, हे सगळ्यांना पाठ असतं. तिथे काय घडतं ते कुणी सांगत नाही. दंडाधिकारी मान वर करून विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" रात्री ज्याने मारलं तोच हवालदार दोन हातांच्या अंतरावर उभा असतो. माणूस नकारार्थी मान हलवतो. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या कामकाजाच्या नोंदीत, ओळ पडते: तक्रार नाही. पुढे दाव्यात सरकारी वकील तेवढी एकच ओळ वाचून खाली बसतो.

सुरुवातीच्या एका केसमध्ये मीच पक्षकाराला म्हणालो होतो, "आत्ता गप्प राहा, आधी जामीन होऊ दे." त्या ओळीवरच केस गेली. कोर्टाच्या आवारात हा सल्ला आजही सर्रास मिळतो. ऐकू नका.

बोलताना नुसतं "मारलं" म्हणू नका. कुणी, कधी, कुठे, कशाने: "काल रात्री, मागच्या खोलीत, पट्ट्याने, तळपायांवर." नाव ठाऊक नसेल तर वर्णन सांगा. वळ तिथेच दाखवा आणि वैद्यकीय तपासणीचा आदेश मागा. पोलिसांनी आधी करून आणलेल्या तपासणीवर विसंबू नका. माझ्या त्याच केसमध्ये अहवाल होता, "बाह्य जखम नाही." मार सगळा तळपायांवर, आणि डॉक्टरांनी चप्पल काढायलाच सांगितली नव्हती! प्रत्येक जखमेचा आकार, रंग आणि ती किती जुनी वाटते, हे लिहायला सांगा. मार कोठडीतला की आधीचा, हा वाद त्यावरच होतो. अहवालाची प्रत हा अटक झालेल्याचा हक्क आहे (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, कलम ५३).

पहिल्या हजेरीला गप्प राहिलात? मग सुटल्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा, केसपेपरवर मार कसा लागला ते लिहवून घ्या आणि कोर्टात का बोललो नाही ते प्रतिज्ञापत्रात सांगा. केस लंगडी होते, मरत नाही.

अटक पंचनामा, रिमांड अर्ज (पोलिसांनी कोठडी मागितलेला अर्ज), रोजनामा: प्रमाणित नकला काढा.

पोलीस ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रण १८ महिने जपा, असं सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंह सैनी प्रकरणात २०२० सालीच बजावलं आहे. त्या भरवशावर राहू नका. पहिल्याच आठवड्यात अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयात तारीख-वेळ घालून अर्ज द्या, आवक शिक्का घ्या. "कॅमेरा बंद होता" असं लेखी उत्तर आलं तर तेही जपा, आपल्याच कामाचं आहे.

मुदतीत बरेच जण बुडतात. पोलिसांनी कामाच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल दावा लावायला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१ कृत्यापासून सहा महिन्यांची मर्यादा घालतं. कोठडीत मारणं हे पोलिसांचं कामच नव्हे, म्हणून ही मर्यादा लागू नाही, असा युक्तिवाद करता येतो. पण आपण त्यावर जुगार खेळायचा नाही. दाव्याआधी शासनाला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, म्हणून ती पहिल्या दोन-तीन महिन्यांतच जाऊ द्या. मानवी हक्क आयोगाकडे वर्षभरात जाता येतं. जरूर जा, पण त्या अर्जाने दाव्याची मुदत थांबत नाही.

प्रतिवादी म्हणून "अमुक पोलीस स्टेशन" लिहू नका. महाराष्ट्र शासन आणि संबंधित अधिकारी, नावानिशी.

बेकायदेशीरपणा कागदावरच दिसत असेल, म्हणजे २४ तास उलटून हजर केलं किंवा अटकेची कारणं दिलीच नाहीत, तर संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली थेट उच्च न्यायालयात रिट (मूलभूत हक्कांसाठीची याचिका) करा. सर्वोच्च न्यायालयाच्या नीलबती बेहेरा (१९९३) निकालानंतर अशा रिटमध्ये सरकारला सार्वभौमत्वाची ढाल, म्हणजे "राज्यसत्तेच्या कामाबद्दल भरपाई मागता येत नाही" हा बचाव, पुढे करता येत नाही. मार झाला की नाही यावरच वाद असेल तर मात्र साक्षीपुरावा लागतो, तिथे दिवाणी दावाच बरा.

नोटीस पोचली की "साहेबांनी बोलावलंय, मिटवून टाकू" असा निरोप येईल. एकट्याने जाऊ नका. बोलाचाली झाली तर सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा (जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३५३, आता भारतीय न्याय संहितेचं १३२) तुमच्यावरच लागायचा. जे काही म्हणायचंय ते वकिलाला लेखी कळवा, एवढाच निरोप उलट धाडा.