टर्मिनलमधली गाय, आगगाडी आणि सुडोचे टोमणे: लपवलेल्या गमती कशा शोधाव्यात

‘लिनक्सच्या भन्नाट आज्ञा’ छापाच्या याद्या इंटरनेटवर ढिगाने सापडतात. त्यातल्या बऱ्याच कुणीतरी कुणाच्या तरी उचललेल्या असतात, आणि लिहिणाऱ्याने त्या स्वतः चालवून पाहिलेल्या नसतात हे दुसऱ्याच ओळीत कळतं. गाय बोलवायला काही अक्कल लागत नाही. पण त्याच यादीत बिनधास्त सांगितलेली सुडोची (पासवर्ड विचारून प्रशासकाच्या अधिकारांनी आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामची) गंमत चुकीच्या पद्धतीने केली, तर स्वतःच्याच मशीनवर हात चोळत बसायची वेळ येते. म्हणून सोपं आधी उरकून घेऊ.

मी उबुंटू या लिनक्सच्या 22.04 आणि 24.04 या आवृत्त्या धरून चाललोय. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन, लहान अक्षरं.

गाय. एपीटी म्हणजे उबुंटूत प्रोग्राम बसवणारी आज्ञा. ‘एपीटी हेल्प’च्या अगदी तळाशी पाहा. या एपीटीत ‘सुपर काऊ पॉवर्स’ आहेत, असं तिथे गंभीर चेहऱ्याने लिहिलेलं असतं. मग एपीटी, एक जागा, एम-ओ-ओ. अक्षरांनी काढलेली गाय येते आणि विचारते, आज हंबरलात का?

नाही म्हणणारा भाऊबंद. माझ्या मते सगळ्यात चांगला विनोद हाच. ‘ॲप्टिट्यूड’ हे एपीटीसारखंच काम करतं, पण वेगळं बसवावं लागतं. त्याला ‘मू’ म्हटलं की तो सांगतो, या प्रोग्राममध्ये कोणतीही ईस्टर एग (लपवलेल्या गमती) नाहीत. हायफन व्ही जोडून पुन्हा विचारा: खरंच नाहीत. एकेक व्ही वाढवत गेलात की तो चिडतो, ‘पुरे करा’ म्हणतो, सौदा करू पाहतो आणि पाचव्या व्हीला हार मानून एक चित्र दाखवतो. ते कशाचं, हे सहाव्या व्हीला कळतं. मी सांगणार नाही.

आगगाडी. ‘एसएल’ हे पॅकेज बसवा. घाईत फायलींची यादी दाखवणारं ‘एलएस’ उलटं टाइप झालं की पडद्यावरून वाफेचं इंजिन धडधडत जातं. हे जपानच्या मासाशी तोयोदा यांचं काम. प्रोग्राम थांबवणाऱ्या कंट्रोल-सीला गाडी दाद देत नाही, ती जाईपर्यंत थांबायचं. हायफन एफ (इथे एफ मोठा) दिलं तर उडते.

पायथन, म्हणजे प्रोग्रामिंगची भाषा. आत जाऊन ‘इम्पोर्ट धिस’. पुढे, दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असलेल्या ‘फ्यूचर’मधून ‘ब्रेसेस’ इम्पोर्ट करायला जा. महिरपी कंसांची मागणी पायथन दोन-तीन शब्दांत उडवून लावतो.

आता सुडो. पासवर्ड चुकला की सुडो ‘सॉरी, पुन्हा प्रयत्न करा’ असं मिळमिळीत बोलतो. त्याच्या पोटात मात्र टोमण्यांचा साठा आहे. ‘माझं पाळलेलं फेरेटसुद्धा तुझ्यापेक्षा बरं टाइप करतं’, या जातीचा. उबुंटूच्या सुडोत तो भरलेला असतो, फक्त बंद ठेवलेला असतो. 25.10 पासून उबुंटूने रस्ट या भाषेत नव्याने लिहिलेला सुडो आणला आहे. पुढचं सगळं जुन्या सुडोसाठी आहे.

हे चालू करायला एक ओळ पुरते, पण ती जाते सुडोअर्सच्या फायलीत, आणि कोणाला कसले अधिकार आहेत ते तिथेच ठरतं. ‘नॅनोने (साध्या एडिटरने) उघडा, ओळ टाका, सेव्ह करा’ असा सल्ला कुठे दिसला तर ते पान बंद करा. ‘सेव्ह होत नसेल तर 777 करा’ (म्हणजे फाइल सगळ्यांना खुली करा) असं खाली लिहिलेलं असेल तर विचारूच नका. सुडोअर्सची मुख्य फाइल सगळ्यांना लिहिता येण्याजोगी झाली की सुडो ती वाचायलाच नकार देतो. मग परवानग्या परत दुरुस्त करायला हवा असतो सुडो.

म्हणून आधी दुसरी खिडकी उघडून ‘सुडो हायफन आय’ करा आणि ती तशीच राहू द्या. इकडे काहीही बिघडलं तरी तिथे तुम्ही रूटच, म्हणजे सर्वाधिकारी, असता. हा टप्पा वगळू नका.

व्हिसुडो ही सुडोअर्सच्या फायली जपून संपादित करायची आज्ञा. मग पहिल्या खिडकीत ‘सुडो व्हिसुडो हायफन एफ’, आणि पुढे ईटीसीतल्या ‘सुडोअर्स डॉट डी’ या फोल्डरमधल्या नव्या फायलीचं नाव: ‘इन्सल्ट्स’. नुसतं ‘इन्सल्ट्स’. मी इथेच अडलो होतो. सवयीने शेवटी ‘डॉट कॉन्फ’ जोडत होतो, आणि नावात टिंब असलेली फाइल सुडो गुपचूप वगळतो. चूक नाही, इशारा नाही, काहीच नाही. आत एकच ओळ लिहायची: ‘डिफॉल्ट्स’ (पहिला डी मोठा), जागा, ‘इन्सल्ट्स’.

व्हिसुडो बाहेर पडताना व्याकरण तपासतो. चूक सापडली तर ‘आता काय?’ असं विचारतो. ई म्हणजे पुन्हा संपादन, एक्स म्हणजे न साठवता बाहेर. मोठा क्यू म्हणजे चुकीसकट साठव. त्यापुढे ‘धोका’ असं लिहिलेलं असतंच, तरी लोक तो दाबतात. सुडो 1.9.3 पासून चुकलेली ओळ गाळून बाकीचं वाचतो हे खरं. पण चुकलेली ओळ तुम्हाला अधिकार देणारीच असेल तर? मुख्य फायलीला हात न लावता वेगळी फाइल करायची ती याचसाठी. गंमत नको झाली की ती फाइल पुसली, काम संपलं.

पडताळणी: ‘सुडो हायफन के’ने लक्षात ठेवलेला पासवर्ड विसरायला लावा, मग कोणतीही सुडो आज्ञा देऊन मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाका. टोमणा आला की दुसरी खिडकी बंद करा. ऑफिसच्या मशीनवर हे नको. चुकलेले प्रयत्न लॉगमध्ये नोंदले जातात, आणि ‘सर, विनोद पाहत होतो’ हे उत्तर कुणाला पटत नाही.

दुसऱ्या प्रोग्रामला वाचायचा मजकूर जिथे जातो, तिथेही विनोद नको. माहितीपत्रकं दाखवणारी ‘मॅन’ ही आज्ञा रात्री बरोबर 00:30 वाजता ‘गिमी गिमी गिमी’ असं छापायची. ॲबा या पॉप बँडच्या त्याच नावाच्या गाण्यात मध्यरात्रीनंतर पुरुष हवा असतो, म्हणून मॅन, म्हणून साडेबारा. ‘मॅन’ची देखभाल करणाऱ्या कोलिन वॉटसन यांनी 2011 मध्ये घातलेली ही गंमत 2017 पर्यंत टिकली. तेव्हा कुणाच्या तरी आपोआप चालणाऱ्या चाचण्या नेमक्या त्या वेळी नापास होऊ लागल्या, कारण एरर आउटपुटमध्ये हे तीन शब्द येत होते. वॉटसन यांनी ती काढून टाकली. माझ्या मते योग्यच केलं.

तुम्ही ‘काऊसे’ (दिलेला मजकूर गायीच्या तोंडी घालणारा प्रोग्राम) बसवलं असेल तर तेही ध्यानात ठेवा. अँसिबलला (अनेक मशीनवरची कामं आपोआप करणाऱ्या साधनाला) ते मशीनवर सापडलं की प्रत्येक टास्कचं नाव गायीच्या तोंडून येऊ लागतं, आणि लांबलचक लॉगमध्ये कामाची ओळ शोधताना जीव जातो. ‘अँसिबल अंडरस्कोर नोकाऊज’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, सगळी अक्षरं मोठी, 1 करून ठेवा. मग गाय फक्त तुम्ही बोलवाल तेव्हाच येईल.