साधं की पॉवर? आधी टाकीचं झाकण वाचा

पंपावर गाडी थांबते न थांबते तोच पोरगा विचारतो, "साहेब, पॉवर टाकू?" म्हणजे साध्याऐवजी महागडं प्रीमियम पेट्रोल. मागे रांग लागलेली, गाडीत पाहुणे बसलेले, अशा वेळी "साधं टाक" म्हणायला लोकांना उगाच कमीपणा वाटतो. त्या पोराला दोष नाही, महागडं खपवायला त्याला वरून सांगितलेलं असतं. पण गाडी तुमची आहे, त्याची नाही. माझं वाईला गॅरेज आहे आणि सर्व्हिसिंगला आलेल्या दर दुसऱ्या गिऱ्हाइकाचा हाच प्रश्न असतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

पहिलं काम फुकटातलं. पेट्रोल टाकीचं बाहेरचं झाकण उघडा आणि आतल्या बाजूचं स्टिकर वाचा. तिथे 'आरओएन' किंवा 'रॉन' (म्हणजे पेट्रोलचा ऑक्टेन आकडा) असं लिहून पुढे आकडा असतो, ९१ नाहीतर ९५. स्टिकर उडालं असेल किंवा त्यावर आकडा नसेल तर गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात इंधनाचं पान काढा. तिथे ९१ लिहिलंय? मग साधं पेट्रोल, विषय संपला. वॅगनआर, स्विफ्ट, आय१० अशा बिनटर्बोच्या (टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप) गाड्या जवळपास सगळ्या याच गटातल्या. '९५ मिनिमम' लिहिलं असेल तर मात्र त्याहून कमी नको. महागड्या जर्मन गाड्यांवर बहुतेक वेळा हेच सापडतं. तिसरा प्रकार मधला असतो: ९१ चालेल, ९५ बरं. टर्बो पेट्रोलवाल्यांनी हे वाक्य नीट शोधावं, खरा विचार त्यांनाच करायचा आहे.

आता हा आकडा म्हणजे काय ते समजून घ्या, म्हणजे कोणी गंडवणार नाही. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा दाबली जाते, मग प्लग ठिणगी टाकतो आणि आग एका टोकाकडून दुसरीकडे पसरत जाते. दाब आणि उष्णता प्रमाणाबाहेर गेली, की ही आग पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपलं आपण पेटतं. त्या धक्क्याने जो खडखडाट होतो ते नॉकिंग. ऑक्टेनचा आकडा एवढंच सांगतो, की आपोआप न पेटता हे पेट्रोल किती दाब सोसेल. ताकद किती आहे, हे तो सांगत नाही. पेट्रोलमध्ये मिसळतात त्या इथेनॉलचंच, म्हणजे अल्कोहोलचंच बघा ना: ऑक्टेन १०८च्या आसपास, पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश.

इथेनॉलमुळे सगळं गणितच बदललंय, आणि बऱ्याच जणांना त्याचा पत्ता नाही. बीएस-६ या प्रदूषणाच्या नियमाप्रमाणे साधं पेट्रोल किमान ९१ ऑक्टेनचं. त्यात २० टक्के इथेनॉल मिसळलं, म्हणजे ई-२० झालं, की ऑक्टेन चढतं. ई-२० पेट्रोलच्या भारतीय मानकात किमान ९५ हाच आकडा आहे, आणि पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये तेच सांगितलं. म्हणजे ई-२० भरत असाल तर साध्या नळीतूनच ९५ येतंय. मग एक्सपी-९५ किंवा पॉवर-९५ या प्रीमियम पेट्रोलला जास्तीचे पैसे कशाचे? मुख्यतः त्यातल्या अॅडिटिव्हचे, म्हणजे इंजेक्टरवर काजळी धरू नये म्हणून घातलेल्या औषधाचे. ते खोटं नाही, उपयोगी आहे. पण नळीवरचं ९५ बघून ऑक्टेन विकत घेतोय असं समजू नका.

"ई-२० ने अॅव्हरेज पडलं म्हणून मी प्रीमियम भरतो," असं सांगणारेही खूप भेटतात. अहो, नेहमीच्या ९५ प्रीमियममध्येही इथेनॉल असतंच! अॅव्हरेज थोडं पडतं हे खरं. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच ई-१० साठी बनवून ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकींना १ ते २ टक्के आणि त्याहून जुन्या बनावटीच्या गाड्यांना ६ ते ७ टक्के फटका धरला होता. पण त्यावर ९५ प्रीमियम हा इलाज नव्हे. विनाइथेनॉल हवं असेल तर इंडियन ऑईलचं एक्सपी-१०० आहे, तेही मोजक्या पंपांवर आणि साध्याच्या दीडपट भावात. वर्षातून चारदा बाहेर निघणाऱ्या हौसेच्या जुन्या गाडीला ते ठीक. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीत ते ओतणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

मधल्या गटातल्यांनी, म्हणजे टर्बोवाल्यांनी, पसरणी घाटात परीक्षा घ्यावी. तुमच्या जवळ जो चढाचा घाट असेल तो चालेल. दुपारचं ऊन, गाडीत चार-पाच माणसं, एसी चालू. वळणावर तिसरा गियर तसाच ठेवा, आरपीएम कमी असतानाच अॅक्सिलरेटर दाबा, आणि डोंगराच्या बाजूची काच खाली करा. कातळावर आपटून इंजिनाचा आवाज परत येतो. त्यात डब्यात खडे हलवल्यासारखी बारीक टणटण आली, तर नॉकिंग आहे. लगेच गियर खाली घ्या, इंजिनाला रगडत बसू नका.

नव्या गाडीत बहुधा काहीच ऐकू येणार नाही, कारण ब्लॉकवर नॉक सेन्सर असतो. त्याला चाहूल लागली की कॉम्प्युटर ठिणगी थोडी उशिरा टाकतो. इंजिन वाचतं, पण ओढ कमी होते आणि पेट्रोल जास्त जातं. आमच्याकडे एकजण टर्बो गाडी घेऊन आला होता, म्हणे चढाला दमते. स्टीअरिंगखाली ओबीडीचा ब्लूटूथ डोंगल, म्हणजे इंजिनाची माहिती मोबाईलवर दाखवणारा तुकडा लावला, मोबाईलवर इग्निशन टायमिंगचा आकडा ठेवला आणि घाटात गेलो. साध्यावर चढाला आकडा सारखा मागे जात होता, म्हणजे ठिणगी उशिरा पडत होती. टाकी रिकामी होत आल्यावर ९७ ऑक्टेनचं भरून तोच घाट केला, तर आकडा बऱ्यापैकी जागेवर राहिला. त्या गाडीला मी वरचं पेट्रोल सांगितलं. त्याच्या भावाच्या वॅगनआरला नाही, तो रुसला तरी.

पैशाचा हिशोब तोंडी होतो. भाव जितके टक्के जास्त, अॅव्हरेज तितके टक्के वाढलं तरच बरोबरी. समजा साधं १०५ आणि प्रीमियम ११३. फरक साडेसात टक्क्यांचा. १८ देणारी गाडी १९.४ देऊ लागली तर तुमचे पैसे वसूल. अॅव्हरेज काढताना डॅशबोर्डवर विसंबू नका. नळी पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, किलोमीटर लिहा, पुन्हा तशीच भरा. एकाच पंपावर, एकाच रस्त्याच्या दोन-तीन टाक्या तरी करा. ९१ च्या गाडीत इतका फरक पडलेला मी पाहिलेला नाही. ३५ लिटर महिन्यातून दोनदा भरणाऱ्याचे वर्षाला सहा-सात हजार वाचतात. त्यात एअर फिल्टर, प्लग आणि व्हील अलाइनमेंट होऊन पैसे उरतात.

अॅडिटिव्हच्या लोभाने कोणी चार-पाच टाक्यांनी एखादी प्रीमियमची भरत असेल तर माझी हरकत नाही. फक्त डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं, इनटेक व्हॉल्व्हवरून जातच नाही. त्या व्हॉल्व्हवरचा कार्बन कुठल्याही पेट्रोलने धुतला जायचा नाही, तो उघडूनच साफ करावा लागतो.

अमेरिकेतल्या भाच्यांसाठी एक ओळ: तुमच्याकडे पंपावर ८७ दिसतं म्हणून ते आपल्या ९१ पेक्षा हलकं नाही. तिकडे मोजायची पद्धत वेगळी, दोन्ही साधारण सारखेच. गाडीच्या पुस्तकात 'रिक्वायर्ड' असेल तर प्रीमियम भरा, 'रेकमेंडेड' असेल तर मर्जी. तिथल्या एएए या वाहनचालकांच्या संस्थेने २०१६ मध्ये हिशोब केला होता, की गरज नसताना प्रीमियम भरून अमेरिकन लोक वर्षाला २१० कोटी डॉलर घालवतात.

आणि "साधं संपलंय साहेब" असं ऐकलंत आणि टाकीत वीसेक किलोमीटरचं पेट्रोल असेल, तर पुढच्या पंपावर जा. टाकी अगदीच कोरडी असेल तर दोनशेचं प्रीमियम टाका, गाडीला काही होत नाही.