गेटपासून पडवीपर्यंत काळोख असेल तर बॅटरीचे लाइट घेताना काय बघायचं

आमचं गावचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, गेटपासून अंगणापर्यंत साधारण ३५ मीटरचा चढ, दोन्ही बाजूला चिऱ्याचा गडगा आणि वर आंबा-फणस, त्यामुळे दुपारी छान गार वाटतं पण रात्री स्वतःचा हात दिसत नाही. वायर टाकून खांब उभे करायचे म्हणजे चर खणा, पाइप टाका, इलेक्ट्रिशियनच्या मागे फिरा, आणि एवढं करून पावसात तारेवर फांदी पडली की लाइट गेली ती दोन दिवस नाही. म्हणून बॅटरीवाले लाइट. पण ते घेताना मी आधी माती खाल्लीय, तेव्हा तुम्ही खाऊ नका म्हणून लिहितोय.

पहिल्या वर्षी दिवाळीत जमिनीत खोचायचे सोलर लाइट आणले, आठाचा पॅक. डिसेंबरपर्यंत काय मस्त दिसायचे, फोटोबिटो काढून झाले. जुलै लागला आणि साडेसातला पेटायचे ते आठला मिणमिण करून बंद. आई भजनावरून एका हातात छत्री, एका हातात मोबाइलचा टॉर्च अशी चढ चढून आली आणि म्हणाली, "तुझे दिवे माझ्या आधी झोपतात रे." तेव्हापासून मी काहीही घेताना जुलै डोळ्यासमोर ठेवतो. जो लाइट जुलैत चालेल तो वर्षभर चालेल, उलटं होत नाही.

खरेदीच्या आधी एक काम करा, अमावास्येच्या आसपास रात्री टॉर्च न लावता गेटपासून घरापर्यंत हळूहळू चाला (हो, बरोबर कोणीतरी काठी घेऊन असू दे). जिथे पाय आपोआप थबकतो तिथे चुन्याची फुली मारा. आमच्याकडे चारच फुल्या झाल्या: गेटची कडी, पावसाचं पाणी जातं त्या गटारावरची फरशी, गाडीचं मागचं चाक घसरतं ते वळण, आणि पडवीच्या पायऱ्या. म्हणजे ३५ मीटर उजळायची गरजच नव्हती. आणि नुसती कड दिसायला हवी असेल तिथे गडग्यावर रेडियम पट्टी चिकटवा, गाडीच्या हेडलाइटमध्ये लखलखते, बॅटरी नको की चार्जिंग नको.

आता उजेड किती. बॉक्सवरचे वॅट बघूच नका. तळहाताएवढ्या सोलर लाइटवर १००० वॅट छापलेलं असतं, अरे एवढ्यात तर इस्त्री चालते! लुमेन बघा, म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या उजेडाचं माप. अंदाज यावा म्हणून सांगतो, घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ८०० ते ९०० लुमेन देतो. अंधाराला सवयलेल्या डोळ्यांना पायऱ्या दिसायला डोक्याच्या उंचीवरून १०० लुमेन भरपूर होतात, गाडी वळवायची जागा असेल तर ३००-४०० घ्या. ते खोचायचे दिवे असतात ना, त्यातले बरेचसे १० लुमेनच्या आसपास, म्हणजे शोभेचे. तुळशीपाशी लावा, छान दिसतात.

सगळ्यात महत्त्वाचं बॅटरी, आणि इथेच लोक गणित करत नाहीत. साध्या लिथियम सेलवर एमएएच (mAh) लिहिलेलं असतं, ते ३.७ ने गुणा आणि १००० ने भागा, वॅट-तास मिळतात, म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते ते. माझ्या बंद पडलेल्या दिव्यातला सेल काढून बघितला तर त्यावर ३०० लिहिलेलं, म्हणजे जेमतेम १.१ वॅट-तास. एलईडीला १०० लुमेनसाठी ढोबळमानाने १ वॅट लागतो, तर रात्रभर लावून ठेवायचा म्हटलं की १२ वॅट-तास आले. ते छोट्या दिव्यात बसणारच नाहीत. म्हणून सेन्सरवाला घ्या, माणूस आला की ३० सेकंद पेटतो, परत बंद. रात्रीत अगदी ४० वेळा पेटला तरी २० मिनिटं, म्हणजे एक तृतीयांश वॅट-तास. २४०० एमएएचचा सेल असेल तर ८.९ वॅट-तास, कागदावर २६ दिवस, सेन्सर स्वतः थोडं खातो आणि सेलही पूर्ण देत नाही म्हणून १५ दिवस धरून चला. हा हिशोब दुकानात उभं राहून मोबाइलवर होतो.

सेल कुठला ते पण बघा. साध्या पेन्सिल सेलवर चालणारे स्वस्त मिळतात पण महिनोन्महिने तसेच राहिले की सेल फुटून पांढरा थर धरतो आणि स्प्रिंग गंजून जाते, आमचा एक असाच गेला. लिथियम आयर्न फॉस्फेटवाला मिळाला तर उत्तम, उन्हात टिकतो आणि साध्या लिथियमपेक्षा जास्त वर्षं जातो. सेल बदलता येतो ना, हे दुकानदाराला विचारा. चिकटवून बंद केलेला दिवा दोन-तीन वर्षांनी कचराच. आणि फुगलेला सेल चार्जिंगला लावू नका.

सेन्सरबद्दल दोन-तीन गोष्टी. तो अंगाच्या उष्णतेची हालचाल पकडतो, आणि आपण त्याच्यासमोरून आडवे गेलो तर चटकन, सरळ त्याच्या अंगावर चालत गेलो तर उशिरा. म्हणून दिवा वाटेच्या शेवटी तोंडासमोर लावू नका, बाजूच्या गडग्यावर किंवा खांबावर ६-७ फुटांवर लावा, तोंड जरा खाली, म्हणजे गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यातही जात नाही. मे महिन्यात चिरे रात्री उशिरापर्यंत तापलेले असतात तेव्हा तो थोडा आंधळा होतो, चालायचंच. कुत्रं-मांजर गेलं तरी पेटणार. आणि एक गैरसमज काढून टाका, साप आला तर लाइट लागेल असं काही नाही, सापाचं अंग आजूबाजूच्या जमिनीएवढंच गार-गरम असतं, सेन्सरला तो दिसत नाही. लाइट लागतो तो तुमच्यासाठी, मग फुरसं तुम्ही बघायचं. काही दिव्यांत दिवस-रात्र ओळखायचा वेगळा डोळा असतो, त्यावर पडवीच्या बल्बचा उजेड पडला तर त्याला वाटतं अजून दिवसच आहे आणि तो पेटतच नाही. माझा एक दिवा मी खराब म्हणून परत पाठवणार होतो, जागा बदलली तर ठणठणीत.

पाण्याचं म्हणाल तर बॉक्सवर आयपी (IP) आकडा असतो, धूळ-पाणी किती अडतं त्याचा, तो ६५ च्या खाली घेऊ नका. ४४ म्हणजे नुसते शिंतोडे, कोकणातल्या आडव्या पावसाला ते पुरत नाही. आणल्या आणल्या पाच मिनिटं बागेच्या पाइपाखाली धरा, काचेच्या आत वाफ दिसली तर परतीची मुदत संपायच्या आत परत करा. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी बूच घट्ट बसतंय का ते बोटाने दाबून बघा, मुंग्या तिथूनच आत जातात. समुद्राच्या जवळ असाल तर स्क्रू स्टीलचे बदलून घ्या, सोबत आलेले एका पावसात तांबडे होतात.

रंग पिवळट घ्या, ३००० केल्विन लिहिलेला. पांढराशुभ्र ६५०० वाला जास्त उजेडाचा वाटतो खरा, पण पहिल्या पावसानंतर पाखरांचा असा ढग जमतो की दार उघडायची सोय नाही, पाखरांमागे पाली, पुढचं सांगत नाही.

सोलर की चार्जिंगचा? डोक्यावर मोकळं आभाळ असेल तर सोलर, पण पॅनल वेगळं आणि वायर ४-५ मीटरची असलेला घ्या, म्हणजे दिवा झाडाखाली आणि पॅनल उन्हात ठेवता येतं. पॅनलचं तोंड दक्षिणेला, जरा तिरकं, आणि महिन्यातून एकदा फडकं मारा. दाट ढगात पॅनल उन्हाळ्याच्या पावपटसुद्धा देत नाही, तेव्हा मोबाइलच्या चार्जरवरही चार्ज होतो ना ते विचारूनच घ्या. झाडाखालच्या वाटेला सरळ चार्जिंगचाच बरा.

आमच्याकडे आता गेट, गटार आणि पायऱ्यांपाशी मॅग्नेटवर बसणारे चार्जिंगचे तीन आणि वळणावर कौलांवर पॅनल टाकलेला एक मोठा. तारीख लक्षात राहत नाही म्हणून आईने एकादशी धरलीय, सकाळी तिन्ही दिवे खाली, फराळ होईपर्यंत चार्ज, संध्याकाळी परत जागेवर. वळणावरच्याला पावसाळ्यात तेवढं शिडी लावून उतरवायला लागतं, ते काम माझ्याकडे.