बकऱ्यांसाठी टिकणारी गव्हाण कशी बनवायची

परवा पाहुण्याच्या पोरानं मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ दाखवले. तिकडे टेक्साससारख्या राज्यात शिकारीच्या रानात लोक हरणांसाठी फीडर लावतात, म्हणजे तीन पायांवर उंच उभा केलेला ड्रम, आत मका, खाली बॅटरीवरची छोटी मोटर, टायमरची वेळ झाली की चकती फिरते अन् दाणे चारी बाजूंनी उडतात. भोवताल जाळी ठोकावी लागते कारण तिकडेही रानडुकरं सगळं साफ करतात. पोरगा म्हणे आपणही धुऱ्यावर असं लावू, हरणं येतील, रोही म्हणजे नीलगाई येतील. मी त्याला सरळ नाही म्हटलं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे, अन् नुसत्या हौसेनं दाणे टाकले तरी आधी येणार डुकरं, ती आपलंच वावर उकरणार, अन् डुकरामागं बिबट. जंगलाला लागून राहणाऱ्यानं हा विचारही करू नये.

पण ते व्हिडिओ मी दोनदा पाहिले. जाड पत्रा, जमिनीपासून उंच, वर झाकण, दाण्याला पाणी लागू नये म्हणून किती काळजी घेतात ते लोक, अन् आपण आपल्या बकऱ्यांना कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, टाकतो जमिनीवर. गावात हल्ली बरेच जण १०-१५ बकऱ्या घेऊन राहिले, सगळे मला गव्हाणीचं विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून राहिली.

आधी बकरीचा स्वभाव समजून घ्या. गाय खाली पडलेलं खाते, बकरी नाही खात. ती बोरी-बाभळीचा पाला मान वर करून ओरबाडणारी जात, तुडवलेलं, मुतलेलं तिला वासानंच कळतं अन् ती तोंड फिरवते. जे खातात त्यांच्या पोटात लेंड्यांतले जंत जातात, पिल्लांना हगवण लागते, मग औषधाचा खर्च वेगळा. ३० किलोच्या बकरीला दिवसाला साधारण १ किलो कोरडा आहार लागतो, म्हणजे अडीच-तीन किलो हिरवं अन् वर अर्धा किलो तुरीचं नाहीतर हरभऱ्याचं कुटार. उन्हाळ्यात कुटार विकत आणायची पाळी येते तेव्हा पायाखाली गेलेली एकेक ओंजळ दिसते.

मी पहिली गव्हाण तालुक्याच्या बाजारातून तयार आणली होती, दिसायला चकचकीत, पातळ पत्र्याची. दुसऱ्या पावसाळ्यात बुडाला भोकं पडली. बकरीचं मूत, मिठाची चाटण वीट अन् ओलसर हवा, या तिघांपुढे पातळ टिन टिकत नाही. पत्रा घ्यायचाच असेल तर १८ किंवा १६ गेजचा जाड, गॅल्व्हनाइज्ड म्हणजे जस्ताचा थर दिलेला घ्या, अन् जिथं वेल्डिंग होते तिथला जस्ताचा थर जळतो हे लक्षात ठेवून बाहेरून त्या जागी रेड ऑक्साइड अन् वर रंग मारून घ्या. आतून रंग नको, बकऱ्या चाटतात. सिमेंटची गव्हाण सगळ्यात टिकाऊ, पण हलवता येत नाही अन् कोपऱ्यात चारा कुजतो, करायचीच तर कोपरे गोल घोटून घ्या. लाकूड आमच्याकडे उधई ठेवत नाही, त्याचा विचार सोडा.

माझं मत विचाराल तर २०० लिटरचा निळा प्लास्टिक ड्रम. पण ड्रम कशाचा होता ते आधी विचारा. खाद्यतेलाचा, गुळाच्या पाकाचा चालतो. फवारणीच्या औषधाचा किंवा कुठल्याही केमिकलचा ड्रम फुकट मिळाला तरी नको, कितीही धुतला तरी नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं उजाड झाली ते आपण पाहिलंय, त्या विषाचा डबा जनावराच्या तोंडापुढे ठेवायचा नाही. भंगारवाल्याला माहीत नसेल तर घेऊ नका.

ड्रमच्या वरच्या तोंडाला दोन बुचं असतात, समोरासमोर. त्या दोघांच्या मधून खडूच्या दोरीनं उभी रेघ मारायची अन् लांबीत दोन भाग करायचे, म्हणजे प्रत्येक अर्ध्या भागाला बुडाजवळ एक बूच येतं. धुताना ते उघडलं की पाणी आपोआप निघून जातं, कितीतरी लोक आडवी रेघ मारून ही सोय घालवतात. कापायला हेक्सॉ किंवा जिगसॉ बरा, ग्राइंडरनं प्लास्टिक वितळून कडा गुठळ्यागुठळ्याची होते. कापलेली कडा धारदार राहते, बकरीचा गळा खरचटतो. त्यावर उपाय घरातच असतो: ड्रिपची जुनी १६ एमएमची नळी लांबीत चिरायची अन् कडेवर बसवायची, जागोजागी तारेनं बांधायची. बुडाला ८-१० एमएमची तीन-चार भोकं पाडा, शेडात पाऊस उडतोच.

स्टँड एक इंची अँगलचा करा. ड्रमचं बूड जमिनीपासून ८ इंच अन् काठ १८ ते २० इंचावर आला पाहिजे, मोठ्या बकरीच्या छातीला लागेल असा. याहून खाली ठेवलं तर ती आत लेंड्या टाकते, पाय घालते. पाय १ फूट खड्ड्यात काँक्रीटमध्ये गाडा अन् गाडायच्या आधी खालच्या भागाला डांबर लावा, अँगल नेमका जमिनीच्या पातळीवर गंजून तुटतो. दोन्ही बाजूंनी काठाच्या १ फूट वर एक आडवा पाइप लावा, डोकं जाईल पण पुढचे पाय टाकून आत चढता येणार नाही. एका मोठ्या बकरीला सव्वा फूट जागा धरा, म्हणजे ड्रमच्या अर्ध्या भागावर दोन्ही बाजूंनी मिळून चार बकऱ्या, एका ड्रममध्ये आठ. यात कंजूषी केली की दांडग्या बकऱ्या शिंगं मारतात अन् गाभण बकरीला पोटात लागतं.

आता वरची जाळी, खरी बचत यातच आहे. हिरवा पाला, सुबाभळीच्या फांद्या ड्रममध्ये टाकायच्या नाहीत, ड्रमच्या काठापासून वीतभर वर इंग्रजी व्ही सारखी तिरप्या गजांची जाळी लावायची, बकरी तिथून ओढून खाते अन् पडलेला पाला ड्रममध्येच पडतो. गजांमधलं अंतर २ ते अडीच इंच, त्याहून जास्त नाही. माझ्याकडे आधी ४ इंचाची जाळी होती, एका रात्री पिल्लानं डोकं घातलं, सकाळी पाहिलं तोवर गेलं होतं. वेल्डिंगवाला म्हणेल गज कमी लागतील ताई, अंतर वाढवू, ऐकू नका, उभं राहून टेप लावून घ्या. सुबाभूळ बकऱ्यांना लय आवडते पण तिच्यात मिमोसीन नावाचं विषारी द्रव्य असतं, एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या भागापेक्षा जास्त नको.

ते टाकीवाले फीडर, म्हणजे वरून भरायचं अन् खालून आपोआप उतरत राहील असे, कोंबड्यांना छान चालतात, पीव्हीसी पाइप अन् एल्बोचा घरीही होतो. बकऱ्यांना मात्र मका, गहू, ढेप असल्या फीडरमध्ये कधी भरू नका. बकरी दाण्यावर थांबत नाही, पोटात आम्ल वाढून पोट फुगतं अन् एका रात्रीत जनावर जातं. भरडा, तुरीची चुनी, सरकीची ढेप हातानं मोजून, दोन वेळा वाटून द्या. ढेपीला बुरशीचा वास आला तर फेकून द्या, वाळवून खाऊ घालणं म्हणजे विष देणं.

जागा: शेडची लांबी पूर्व-पश्चिम असली की आत ऊन कमी शिरतं, अन् गव्हाण शेडच्या मधोमध ठेवा. आमच्याकडे पावसाचा मारा पश्चिमेकडून येतो, त्या कडेला गव्हाण ठेवली की रोज कुटार ओलं. प्लास्टिकला ऊन लागलं तरी ते तीन-चार वर्षांत तडकतं. जंगलालगत असाल तर गव्हाण बाहेरच्या जाळीपासून निदान चार फूट आत हवी, रात्री बकऱ्या जाळीला चिकटून खात उभ्या राहिल्या तर बिबट बाहेरूनही पंजा मारतो. रात्री दाण्याचा सांडलेला कण शेडबाहेर ठेवू नका, डुक्कर वासानं येतं.

पिल्लांसाठी वेगळी छोटी गव्हाण, ६ इंचाचा पीव्हीसी पाइप लांबीत कापून दोन्ही टोकाला टोपी लावली की झाली, अन् ती अशा कप्प्यात ठेवा की जिथं मोठ्या बकऱ्या शिरू शकणार नाहीत. बोकडाला एकट्याची.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की दुपारी भरलेल्या गव्हाणीकडे बकऱ्या पाहतही नाहीत. चारा पहाटे अन् दिवेलागणीला टाका. सोयाबीनचं कुटार धुळीचं असतं, त्यावर मिठाच्या पाण्याचा हलका शिपका मारला तर खातात. रोज सकाळी उरलेलं काढून उकिरड्यावर, पुन्हा त्यांच्यापुढे ढकलायचं नाही, अन् आठवड्यातून एकदा बूच उघडून धुवायचं, मग ऊन लागेल असं उलटं करून वाळवायचं. त्यासाठी ड्रम स्टँडला वेल्डिंगच्या कड्यांऐवजी नटबोल्टनं बसवा, अन् बोल्टचं डोकं आतून गुळगुळीत असलेलं घ्या, नाहीतर जीभ फाटते.