आधी रेल्वे, मग गाडी : एकटीने परदेशी निघण्याआधीची तयारी

गेल्या जूनमध्ये मी अठरा दिवस एकटी जर्मनी आणि स्वित्झर्लंड फिरून आले. तेव्हापासून अमळनेरात भेटेल तो दोनच गोष्टी विचारतो. भीती नाही वाटली का, आणि तयारी काय केली, यादी दे ना. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आमच्या गल्लीतल्या आजींना देऊन झालंय. निघताना त्यांनी ओट्यावरूनच ‘एखली कथा चालनी वं माय?’ (एकटी कुठे चाललीस गं बाई?) असं विचारलं होतं. परत आल्यावर मला वरपासून खालपर्यंत बघितलं, धड आहे याची खात्री केली आणि आत गेल्या. दुसऱ्या प्रश्नासाठी हे लिहितेय.

माझी सगळी तयारी एका ठरावावर उभी होती : विमानातून उतरल्या उतरल्या भाड्याची गाडी घ्यायची नाही. रात्रभर झोप नाही, रस्त्याची बाजू उलटी, स्टिअरिंग उलट्या बाजूला आणि समोर मोठ्या शहराचा हायवे. असलं धाडस करायला कुणी सांगितलंय? फ्रँकफर्टच्या विमानतळालाच लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन आहे. तिथून फ्रायबुर्ग साधारण दोन तास. तीन दिवस त्या गावात ट्रामने आणि पायी फिरायचं, रस्ता ओलांडताना गाड्या कुठून येतात ते बघायचं, आणि मग गाडी घेऊन ब्लॅक फॉरेस्ट नावाच्या डोंगराळ जंगलातल्या खेड्यांत शिरायचं. गाडी तिथेच परत द्यायची आणि पुढे स्वित्झर्लंड रेल्वेनेच करायचं. स्वित्झर्लंडमध्ये रेल्वे थेट डोंगरात नेऊन सोडते. गाडी असेल तर उलट पार्किंग शोधण्यात दिवस जातो.

आता कागद. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे जर्मनी-स्वित्झर्लंडसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि पंधरा दिवस आधीपर्यंतच. उन्हाळ्यासाठी मुंबईची अपॉइंटमेंट मिळणं हीच खरी परीक्षा, म्हणून होळीच्या आधी कामाला लागा. जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. फी ९० युरो. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा आणि परतीनंतर तीन महिने तरी चालणारा हवा. ऑक्टोबर २०२५ पासून तिकडच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन नोंद करण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. त्यामुळे विमान उतरल्यावरची रांग गृहीत धरूनच पुढची ट्रेन ठरवा.

पण व्हिसापेक्षा मला जास्त छळलं ते नावाने. आपल्याकडे एकाच माणसाची चार नावं असतात. पासपोर्टवर नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असं पूर्ण. लायसन्सवर लग्नाआधीचं आडनाव. क्रेडिट कार्डावर नुसती आद्याक्षरं आणि पाटील. आधार कार्डावर स्पेलिंग तिसरंच. अमळनेरात याने काही अडत नाही, बँकेतला माणूस ओळखीचा असतो. परदेशातला गाडी देणारा माणूस मात्र पासपोर्ट, लायसन्स, गाडी चालवण्याचा आंतरराष्ट्रीय परवाना आणि कार्ड शेजारी शेजारी मांडतो आणि अक्षर न् अक्षर जुळवतो. म्हणून यादीतलं पहिलं काम हे : पासपोर्ट, लायसन्स, क्रेडिट कार्ड आणि आधार एका ताटात ठेवा आणि नावं मोठ्याने वाचा. लायसन्सवरचं नाव बदलायला वेळ लागतो, त्यामुळे व्हिसाच्याही आधी हेच.

हा आंतरराष्ट्रीय परवाना आपल्याच आरटीओतून मिळतो. आमचं जळगाव, एमएच-१९. अर्ज ऑनलाइन, फी हजार रुपये, मुदत एक वर्ष. पासपोर्टची प्रत मागतात. व्हिसाची अट २०२२ मध्ये काढून टाकली, म्हणजे व्हिसा हातात पडायच्या आधीही हे काम करता येतं. लोक इथे एक चूक करतात. परवाना मिळाला की मूळ लायसन्स घरी कपाटात ठेवतात. हा परवाना म्हणजे लायसन्सचं भाषांतर समजा. मूळ कार्ड सोबत नसेल तर त्याला अर्थ नाही.

कार्ड तुमच्याच नावाचं हवं. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या कार्डावर गाडी मिळत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी अनामतीसाठी डेबिट कार्ड चालत नाही. अनामत म्हणून मोठी रक्कम अडकवून ठेवतात आणि ती सुटायला गाडी परत दिल्यावरही काही दिवस लागतात, म्हणून कार्डाची मर्यादा आधीच वाढवून घ्या. परदेशी व्यवहार आपल्याकडे मुळात बंद असतो, तो अ‍ॅपमधून सुरू करावा लागतो. आणि कार्डाचा पिन पाठ करा. इथे सगळं ओटीपीवर चालत असल्याने क्रेडिट कार्डाला पिन असतो हेच मी विसरले होते, आणि माणूस नसलेला पेट्रोलपंप पिनशिवाय थेंबभर देत नाही. बँकेचे मेसेज येणारं सिम रोमिंगवर चालू ठेवा, इंटरनेटसाठी वेगळं ई-सिम घ्या.

विम्याचं कोडं असं की प्रवासाचा विमा तुमच्या पायाला लागलं तर भरतो, भाड्याच्या गाडीला लागलं तर नाही. गाडीचा विमा भाड्यात असतो, पण त्यात पहिले काही शे ते हजारभर युरो तुमच्याच माथी असतात. काच, टायर आणि गाडीची खालची बाजू तर पुष्कळदा वगळलेली. ही जोखीम शून्यावर आणणारा पर्याय मी थोडे जास्त पैसे देऊन घेतला. पहिल्यांदा जाणाऱ्याने इथे कंजुषी करू नये.

गाडी ऑटोमॅटिकच घ्या, महाग पडली तरी. उलट्या बाजूला बसून उजव्या हाताने गिअर टाकायचा अभ्यास तिथल्या रस्त्यावर करू नका.

आणि वार बघा! माझं बुकिंग शनिवारी सकाळी अकराचं होतं. पत्त्यावर गावाचं नाव बघून मी समजले की ऑफिस स्टेशनातच असणार. ते निघालं गावाबाहेरच्या कारखान्यांच्या भागात. ट्राम, मग बस, मग बॅग ओढत पंधरा मिनिटं. पोचले तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि दाराला कुलूप. शनिवारी ते बारापर्यंतच उघडं असतं हे बुकिंगच्या कागदावर तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात होतं. रविवारी तर जर्मनीत दुकानंही बंद, ऑफिस कुठलं उघडं असणार. दोन दिवसांचं भाडं बुडालं. सोमवारी सकाळी गाडी मिळाली खरी, पण तोपर्यंत मी कुलपाचा फोटो काढून नवऱ्याला पाठवून रडूनही घेतलं होतं. तेव्हा गाडी मंगळवार-बुधवारची घ्या, ऑफिसचा नेमका पत्ता नकाशावर बघा आणि वेळ स्वतः वाचा. मधल्या रविवारी मी फ्रायबुर्गहून लोकल ट्रेनने टिटीझेच्या तळ्यावर गेले, हे त्यातल्या त्यात बरं झालं.

चालवायची तयारी घरूनच सुरू होते. इथे उजवीकडून गाडी चालवून बघता येत नाही, पण भाच्याला गाडी चालवायला बसवून मी महिनाभर डाव्या सीटवर बसले. धुळे-जळगाव हायवेवर त्या सीटवरून आपल्या डोळ्यांना रस्ता केवढा वेगळा दिसतो ते कळलं. सीट डावी असली की गाडी नकळत उजवीकडे सरकवावीशी वाटते, याचा अंदाज तिथेच आला. एक खूण पाठ करून ठेवा : चालवणारा नेहमी रस्त्याच्या मधल्या रेघेच्या बाजूला बसतो. इथेही, तिथेही. वळल्यावर आपण कडेला बसलोय असं वाटलं तर समजा लेन चुकली. आपल्या बऱ्याच गाड्यांत इंडिकेटर उजव्या हाताला असतो, तिथे डाव्या. पहिल्या दिवशी मी प्रत्येक वळणाला कोरड्या काचेवर वायपर फिरवला.

गाडी ताब्यात घेतली की आधी चारही बाजूंनी आणि चाकांच्या रिमचा व्हिडिओ काढा, मग त्यांच्या कागदावर नसलेला प्रत्येक ओरखडा लिहून घ्या. पिवळं किंवा केशरी चमकतं जाकीट, धोक्याचा त्रिकोण आणि प्रथमोपचाराची पेटी डिकीत आहे का बघा, जर्मनीत तिन्ही सक्तीची आहेत. पेट्रोल की डिझेल ते झाकणावर वाचा. मग पार्किंगमध्येच दहा मिनिटं गोल गोल फिरा. लाजू नका.

नियमांतले मोजकेच सांगते, कारण आपल्या डोक्यात ते मुळीच नसतात. गावाच्या नावाची पिवळी पाटी आली की तिथून वेग ५०. वेगळा ५० चा फलक लावतच नाहीत. आपल्याकडे गावाची पाटी म्हणजे वडापावची चाहूल, तिकडे ती कायदा असते. दुसरं, ज्या चौकात काही पाटी नाही तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तो अगदी बारक्या गल्लीतून येत असला तरी. तिसरं, मोठ्या हायवेवर डावी लेन फक्त ओव्हरटेकसाठी. ओव्हरटेक झालं की लगेच उजवीकडे, नाहीतर मागून येणारा इतक्या वेगात येतो की आरशात ठिपका दिसतो तोवर तो मागे टेकलेला असतो. ट्रॅफिक तुंबलं की डाव्या लेनने डावीकडे, बाकीच्यांनी उजवीकडे सरकून मधे अ‍ॅम्ब्युलन्सला वाट ठेवायची. हायवेवर पेट्रोल संपून थांबलात तर त्यालाही दंड आहे. दंडाची पावती कंपनीमार्फत महिन्याभराने घरी येते, वर कंपनीची हाताळणी फी वेगळी. घाटाची मात्र धास्ती नको. कन्नड घाटात ट्रकमागे तासभर अडकलेल्याला तिथल्या १,४९३ मीटर उंच फेल्डबेर्ग डोंगराकडची चढण म्हणजे फिरायला जाणं. हॉर्न मी पाच दिवसांत एकदाही वाजवला नाही. सवयीने हात गेला होता, पण कुणासाठी वाजवायचा तेच कळेना.

रेल्वेचं सोपं आहे, पण भुसावळची सवय सोडावी लागते. आपण गाडी थांबली की उतरून चहा घेतो, कुणी भेटलं तर गप्पाही होतात. तिथे गाडी दोन मिनिटं थांबते आणि निघते. स्टेशन यायच्या पाच मिनिटं आधी बॅग घेऊन दाराशी उभं राहायचं. फलाटावर ए, बी, सी अशी अक्षरं टांगलेली असतात. तुमचा डबा कुठल्या अक्षरासमोर येणार ते आधीच बघून तिथे थांबा, कारण काही गाड्या मधेच तुटून अर्धी एका गावाला, अर्धी दुसऱ्या गावाला जाते. स्वस्त तिकीट त्या एकाच गाडीला बांधलेलं असतं, म्हणून विमानानंतरचं पहिलं तिकीट स्वस्तातलं घेऊ नका. विमान उशिरा आलं की ते गेलं. स्वित्झर्लंडचा पास तीन, चार, सहा, आठ किंवा पंधरा दिवसांचा मिळतो, सलग दिवस मोजून घ्या. आणि बासेलला दोन मोठी स्टेशनं आहेत, एक जर्मन, एक स्विस. पुढे स्वित्झर्लंडात जायचं तर स्विस स्टेशनवर उतरायचं. मी दाराशी उभी राहून दोनदा विचारलं.

बॅग एकच, आणि तिची परीक्षा घरी घ्या. भरलेली बॅग घेऊन स्टेशनचा दादरा एकदा चढून उतरा. तिथे हमाल नाही. मी पहिल्या फेरीत धापा टाकल्या आणि घरी येऊन तीन साड्या काढून ठेवल्या. बाकी कपड्यांचं काय सांगू, आपल्याकडे जूनमध्ये अंगाची लाही होत असते म्हणून स्वेटर भरायला हात धजत नाही, तरी भरा. औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. आपला गोल जाड तीन पिनांचा प्लग तिकडे जात नाही, अ‍ॅडॉप्टर घ्या, आणि स्वित्झर्लंडचं भोक पुन्हा वेगळं असतं.

मुंबईला एक दिवस आधी जा. जूनमध्ये पाऊस लागला की कसाऱ्याच्या घाटात गाड्या कधी अडकतील सांगता येत नाही. आमच्या अमळनेरहून सुरतमार्गेही जाता येतं, पण मुंबईतलं पाणी दोन्हीकडून सारखंच.

खाण्याचं शेवटी, कारण आईचं सगळ्यात जास्त लक्ष तिथेच होतं. युरोपात दूध-तुपाचं आणि मांसाचं काहीही नेता येत नाही, म्हणजे पेढे आणि तूप घरीच. दुबईमार्गे जाणार असाल तर मसाल्यात खसखस नको, तिथे ती बेकायदा आहे. आमचा काळा मसाला आईने खसखस वगळून वेगळा कुटून दिला. बिबडे, म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, हलके असतात म्हणून पन्नासेक घेतले, मग लक्षात आलं की हॉटेलात भाजायचे कशावर? शेवटी कच्चेच चघळले. ताजी फळं नेता येत नाहीत, त्यांना रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. सूट फक्त पाच फळांना आहे : अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी. हे वाचलं तेव्हा मी मोठ्याने हसले. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्यापेक्षा मला याचा आनंद जास्त झाला. सहा केळी नेली, दोन दिवसांनी पिकतील अशी हिरवट बघून, आणि फ्रायबुर्गच्या गाडीत खिडकीशी बसून पहिलं सोललं. फक्त ती बॅगेत सगळ्यात वर ठेवा. माझी दोन खाली दबली होती, आणि त्या स्वेटरचा डाग अजून गेलेला नाही.