जुनी ब्लूज, चार स्पीकर
१९७० च्या दशकातली क्वाड्राफोनिक, म्हणजे चार स्पीकरांसाठी केलेली, तबकडी हाती लागली, तर आधी कव्हरवरची खूण पाहा. 'एसक्यू' किंवा 'क्यूएस' असेल, तर चार चॅनेल (आवाजाचे वेगवेगळे प्रवाह) दोनांत गुंफलेले असतात. साध्या स्टिरिओवरही ती छान वाजते, मागचे आवाज सुटे करायला मात्र त्याच पद्धतीचा डिकोडर लागतो. 'सीडी-४' खुणेची तबकडी जास्त नाजूक. तिच्या खाचेत ३० किलोहर्ट्झची वाहक लहर (कानाला ऐकू न येणारी, मागच्या आवाजांची माहिती वाहणारी) कोरलेली असते, म्हणून शिबाता घाटाची, म्हणजे अशी बारीक लहर वाचू शकणाऱ्या खास टोकाची, सुई हवी. साध्या गोल टोकाच्या सुईने ती लहर झिजते आणि मग मागून खरखर येते. चारही स्पीकर शक्यतो एकसारखे ठेवा, मधोमध बसा. संग्रहात ब्लूज (अमेरिकी कृष्णवर्णीयांचं संगीत) गाणारा गिटारवादक रॉबर्ट जॉन्सन याची १९३६-३७ ची गाणी असतील, तर ती मुळात मोनो, म्हणजे एकाच चॅनेलची. ती मी समोरच्याच स्पीकरवर ऐकतो: एक गिटार, एक गळा.